शटरवरच्या दोन थापा

१

शटर दुरुस्त करायचं की नवं बसवायचं, एवढाच प्रश्न होता. त्यावरून आमच्या घरात काय झालं ते मी नीट सांगणार आहे, कारण आमचे भाऊजी भेटेल त्याला आपल्या पद्धतीनं सांगत सुटलेत. वहिनींनी हट्ट केला, म्हणतात. जिनं आजवर स्वतःच्या खोलीच्या भिंतींचा रंगसुद्धा दुसऱ्यांना ठरवू दिला, तिनं म्हणे हट्ट केला.

आमचं गॅरेज घराला चिकटलेलं नाही. अंगणाच्या टोकाला सुटं उभं आहे. तीन बाजूंना भिंती, वर स्लॅब आणि पुढे लोखंडी पट्ट्यांचं, वर गुंडाळलं जाणारं शटर. दुसरं दार नाही, खिडकी नाही. मागच्या भिंतीत अगदी वर एक झरोका आहे, पण त्याला जाळी मारलेली आहे. त्यातून मांजरही आत येणार नाही. सासऱ्यांनी हौसेनं गाडीसाठी बांधलं होतं. ते गेले, गाडी विकली, आणि गॅरेजमध्ये मोडक्या खुर्च्या नि रंगाचे रिकामे डबे साठत गेले. ते सगळं मी एकटीनं उपसलं, फरशी घासली आणि शिवणयंत्र आत नेऊन ठेवलं. तेव्हापासून मी तिथे लोकांचे पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं शिवते. घरात मला स्वतःची अशी तेवढीच जागा.

सुरुवातीच्या दिवसांत एकदा शटर उचललं आणि वरून एक पाल माझ्या मानेवर पडली. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. उचलण्याआधी शटरवर तळहातानं दोन थापा मारायच्या. आत पाल असो, उंदीर असो, त्याला बाजूला व्हायला वेळ मिळावा. तोंडानं म्हणायचेही, “चला, बाजूला व्हा रे, मी आले.” मग मूठ धरून वर.

एका हातानं. दुसऱ्या हातात चहाचा कप असायचा.

पलीकडच्या बाई कुंपणावरून बघायच्या आणि म्हणायच्या, “तुमचं शटर काय लोण्याचं आहे का हो? आमचं उघडायला दोघं लागतात.”

मी म्हणायचे, “सवयीचा भाग आहे.”

आणि मनातून मला बरं वाटायचं, हे कबूल करायला मला लाज नाही. घरात धडधाकट माणसं होती, पण सकाळी उठून “थांब, मी उचलतो” असं एकदाही कोणी म्हटलं नव्हतं. मला कोणाची गरजच पडत नव्हती. निदान मी तसं समजत होते.

२

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वरच्या मजल्यावर राहतात. त्यांनी नवी गाडी घेतली आणि ती रस्त्यावर उभी करायला लागले. एके दिवशी कोणीतरी तिच्या दारावर लांबलचक ओरखडा काढून गेलं. भाऊजींनी तो ओरखडा घरातल्या प्रत्येकाला खाली नेऊन दाखवला. त्याच संध्याकाळी त्यांना आमच्या शटरची अचानक काळजी वाटायला लागली.

“दादा, ते शटर बघितलंस का?” ते ह्यांना म्हणाले. “खालच्या पट्ट्या गंजल्यात. कधीतरी वहिनींच्या डोक्यात पडेल. ते काढून टाकू. हल्ली मोटारवर चालणारं दार मिळतं. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली.”

“पट्ट्या बदलता येतील की,” मी म्हटलं.

“आता दुरुस्ती करत बसण्यात अर्थ नाही, वहिनी. जुन्याला कुठे ठिगळं लावणार? आणि एवढं नवं दार बसवायचं, तर गाडी बाहेर कशाला ठेवायची?”

असं सरळ बोलून मोकळे झाले. मला वाटलं होतं, निदान थोडं वळण घेऊन तिथे पोचतील.

“आणि मी कुठे बसू?”

“तुमचं मशीन काय, जिन्याखालीसुद्धा मावेल.”

जिन्याखाली आम्ही चपला ठेवतो. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, “बघू.” ह्यांचं ‘बघू’ म्हणजे ज्याचा आवाज मोठा, त्याच्या बाजूचं मत. लग्न झाल्यापासून मी ते ऐकते आहे.

“बघू नाही,” मी म्हटलं. “आधी शटरवाल्याला बोलवा. त्यानं सांगितलं दुरुस्त होत नाही, तर मी एक शब्द बोलणार नाही.”

भाऊजी खुशीत हसले. त्यांना वाटलं, मी अर्धी हरलेच.

३

शटरवाला सकाळी उन्हं वर आल्यावर आला. पोट सुटलेला, बोलघेवडा माणूस, कानावर पेन्सिल. मी नेहमीप्रमाणे गॅरेज उघडून कामाला बसले होते. हे आणि भाऊजी त्याच्या मागोमाग आत आले.

“ताई, जरा बाजूला व्हा.”

मी बाजूला झाले. त्यानं माझ्याच स्टुलावर चढून वरच्या पेटीचं झाकण काढलं आणि आत बॅटरी मारली. मग बोलला तो माझ्याशी नाही, ह्यांच्याशी.

“साहेब, हे उघडतं कोण?”

“ही उघडते.”

“एकट्या?”

“मी इथेच उभी आहे,” मी म्हटलं. “मला विचारा.”

त्यानं विचारलं नाही. ह्यांना स्टुलावर चढवून दाखवायला लागला. “शटर गुंडाळलं जातं तो हा पाइप. याच्यात स्प्रिंगा असतात. सगळं वजन त्या पेलतात, म्हणून आपल्याला शटर हलकं लागतं. या तुमच्या सगळ्या तुटलेल्या आहेत. आणि तुटलेल्या टोकावर गंज बघा किती जाड चढलाय. हे काल-परवाचं नाही. पार जुनं काम आहे.”

“म्हणजे?” भाऊजींनी विचारलं.

“म्हणजे याच्यात आता नुसतं लोखंड आहे. सगळं वजन अंगावर. हे माणसाच्यानं उचलवत नाही.”

“पण आत्ता तर वर आहे,” हे म्हणाले.

शटरवाल्यानं मान वर करून पाहिलं. मग पटकन स्टुलावरून उतरला आणि दारातून बाहेर झाला. “खरंच की. हे वर थांबलंय कशावर? आधी खाली घ्या. चला, सगळे बाहेर.”

आम्ही सगळे बाहेर आलो. त्यानं लांब आकडी खालच्या पट्टीत अडकवली, स्वतः जमेल तेवढा लांब उभा राहिला आणि खेचली. भाऊजींनी कानांवर हात ठेवले.

शटर आपटलं नाही. सावकाश खाली आलं, झोपलेल्या बाळाला कोणी अलगद अंथरुणावर ठेवावं तसं. फरशीला टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

“कडेच्या खाचेत, चॅनलमध्ये घासतंय,” शटरवाला म्हणाला. “म्हणून हळू आलं.”

मला ते पटलं नव्हतं, पण त्या घटकेला मला एकच कळत होतं. जिन्याखालची जागा जवळ येत होती.

४

“बघा आता उचलून,” शटरवाला म्हणाला. “म्हणजे तुमची खात्री पटेल.”

भाऊजींनी बाह्या वर केल्या. मूठ धरली, पाय रोवले, दात आवळले. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या. शटर केसभर हललं नाही. मग हे पुढे झाले आणि लगेच कंबर धरून मागे आले. शेवटी दोघांनी मिळून लावलं, शटरवाल्यानंही हात घातला. पट्ट्या नुसत्या कुरकुरल्या.

“म्हटलं ना,” शटरवाला हात झटकत म्हणाला. “नवं बसवा आणि मोकळे व्हा.”

“ठरलं तर मग,” भाऊजी म्हणाले. त्यांना धाप लागली होती, पण चेहरा लग्न ठरल्यासारखा. “वहिनी, तुम्ही इतके दिवस उचलत होतात म्हणजे ते तेव्हा बरं असणार. आता गेलं.”

“मी आज सकाळी उचललंय.”

“तुम्हाला तसं वाटतंय.”

मी मधेच जाऊन सगळ्यांसाठी चहा करून आणला होता, ट्रे अजून माझ्या हातात होता. माझं शटर, माझा हात, आजचीच सकाळ, आणि मला म्हणे तसं वाटतंय. मी ट्रे ह्यांच्या हातात दिला.

“बाजूला व्हा,” मी म्हटलं.

त्या घरात तेवढे शब्द मी पहिल्यांदाच कोणा माणसाला म्हणत होते. तिघंही बाजूला झाले, बहुधा आश्चर्यानंच. मी शटरवर दोन थापा मारल्या. ओठातल्या ओठात नेहमीचं वाक्य म्हटलं, मूठ धरली आणि उचललं.

शटर वर गेलं, थेट डोक्याच्या वर, आणि थांबलं.

ह्यांच्या हातातल्या ट्रेमधले कप किणकिणत होते.

“अडकलं होतं,” भाऊजी म्हणाले. “आम्ही सैल केलं, म्हणून आलं.”

“हां, सैल झालं असणार,” शटरवाला म्हणाला.

बरणीचं झाकण ज्यांना उघडता येत नाही, ते सगळे हेच म्हणतात. मी हे ऐकून घेणार नव्हते. “एक लक्षात ठेवा,” मी म्हटलं, “मी इथे बसायला लागल्यापासून आज सकाळपर्यंत या शटरला माझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही.”

शटरवाल्यानं आकडीनं शटर कमरेइतकं खाली घेतलं होतं आणि वाकून आतल्या बाजूला बॅटरी मारत होता. तिथूनच तो म्हणाला, “आतून लागलाय की, ताई.”

मी वाकून पाहिलं. खालच्या पट्टीच्या आतल्या अंगाला, अगदी डाव्या टोकाला आणि अगदी उजव्या टोकाला, रंग उडून लोखंड चकाकत होतं. बाहेर माझ्या मुठीजवळ रोजच्या हातानं जसं गुळगुळीत झालं आहे, अगदी तसंच.

“आतून कोण उचलणार?” हे म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पसरून त्या जागा गाठायचा प्रयत्न केला. हे चांगले उंच आहेत, पण एक हात पोचला की दुसरा पोचेना. “दोन माणसं असतील,” हे म्हणाले आणि स्वतःच हसले. मग त्यांचं हसू गेलं.

“चॅनलला घासून गेला असेल रंग,” शटरवाला म्हणाला. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला चॅनल होतं.

५

दुपारी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर मी शटर खाली घेतलं आणि बाहेर उभी राहिले.

मी भित्री नाही आणि भोळीही नाही. शाळेपुरतं शिकले, पण दोन आणि दोन चार होतात हे मला कळतं. आधी स्वयंपाकघरात जाऊन भरलेला सिलिंडर उचलून पाहिला. जागचा हलला नाही. म्हणजे माझ्या दंडात काही निराळी ताकद नव्हती. मग परत आले, थाप न मारता मूठ धरली आणि ओढली.

भिंत ओढावी तसं. दोन्ही हातांनी ओढलं, गुडघे टेकून खांदा लावला. पट्टीखाली नखाएवढीही फट पडली नाही.

मी श्वास खाली बसू दिला. अंगण रिकामं होतं. दोरीवर कपडे वाळत होते, वर भाऊजींच्या घरात मिक्सर चालू होता. मी तळहातानं दोन थापा मारल्या. नुसत्या थापा, तोंडानं काही म्हटलं नाही.

मूठ हलकी झाली.

त्या दिवशी पहिल्यांदा माझं लक्ष गेलं, की माझा हात शटर उचलत नाही. शटर आधी जातं आणि हात त्याच्या मागून जातो.

लोकांना वाटेल मी घाबरून पळाले. मला आधी राग आला. इतकी वर्षं मी माझ्या हातावर खूश होते. घरात कोणी विचारत नाही तर नाही, माझं मी करते, या एका गोष्टीवर मी ताठ होते. आणि ते माझं नव्हतंच. मदत करायची तर माणसानं सांगून करावी. न सांगता केलेली मदत म्हणजे आपल्यामागे आपल्याला कमी लेखणं.

मी आत जाऊन नेहमीच्या जागी बसले. माझी पाठ शटरकडे असते, कारण उजेड मागून खांद्यावरून कापडावर यायला हवा. अभ्रा पुढे घेतला. त्याच्यावर सावलीची एक आडवी पट्टी पडली होती. ती रोजच पडते. वर गुंडाळलेल्या शटरची खालची कड, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी मात्र वळून पाहिलं. शटरच्या कडेची सावली पार उंबऱ्यावर होती, जिथे असायला हवी तिथेच.

ही कापडावरची मग कशाची?

शटर दिवसभर वर थांबायचं. तुटलेल्या स्प्रिंगांवर ते थांबणार नव्हतं. म्हणजे कोणीतरी ते धरून उभं असायचं, माझ्या पाठीमागे, मी धागा ओवत असताना, गाणं गुणगुणत असताना, गिऱ्हाइकांशी गप्पा मारत असताना. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात वर करून.

मी उठले. सावलीला पाय लागू नये म्हणून कडेकडेनं बाहेर आले.

६

“दुरुस्त करायचं,” रात्री जेवताना मी सांगितलं. “नव्या स्प्रिंगा घाला. गंजलेल्या पट्ट्या बदला.”

भाऊजीही खालीच जेवायला होते. “वहिनी, तो माणूस काय म्हणाला ते ऐकलं नाहीत का?”

“तो म्हणाला स्प्रिंगा तुटल्यात. तुटलं ते बदलतात. तुमच्या गाडीला ओरखडा पडला, तर तुम्ही गाडी फेकलीत का?”

हे पाणी पिता पिता थांबले आणि खाली बघून हसले.

“अहो, पण नव्या दाराला उचलायचंच नाही,” भाऊजी म्हणाले. “नुसतं बटण. कोणाची मदत नको.”

“मला तशीही कोणाची मदत नको,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “बटणाची नको आणि आणखी कोणाचीच नको. चांगली स्प्रिंग असेल, तर माझं शटर मी उचलेन. मी एकटी. त्यात वाटेकरी नको.”

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मी कोणाला सांगते आहे, हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

“होऊ दे तिच्या मनासारखं,” शेवटी हे म्हणाले. “आधी दुरुस्त करून तर बघू.” ह्यांच्या तोंडून ‘बघू’ पहिल्यांदाच माझ्या बाजूनं आलं.

शटरवाल्यानं शटर पूर्ण उतरवलं आणि अंगणात उलटं पसरलं. त्या दोन चकचकीत जागा उन्हात नुसत्या लखलखत होत्या. गॅरेज दिवसभर उघडं पडलं होतं, तोंड वासून. मी अंगणातूनच आत बघत होते. मशीन, कापडाचे तागे, स्टूल, मागची भिंत. एवढ्याशा खोलीत लपायला जागाच नाही. आत कोणी नव्हतं.

संध्याकाळपर्यंत काम झालं. शटरवाल्यानं करंगळीनं शटर वर करून दाखवलं. “घ्या ताई, आता पोरखेळ.”

दुसऱ्या दिवशी मी थापा मारल्या नाहीत. मूठ धरली, उचललं आणि शटर गेलं. थोडं वजन लागलं, हाताला ओढ बसली. ते वजन मला आवडलं. ते माझं होतं. कापडावर सावलीची पट्टी नव्हती. मी दिवसभर मान मोडून काम केलं आणि पाठीला काहीही जाणवलं नाही. भाऊजी दारावरून जाताना मुद्दाम खोकले, तरी मी वर पाहिलं नाही.

७

मग शटरवर बाहेरून खुणा दिसायला लागल्या.

आमच्याकडे रस्त्याची धूळ फार येते. सकाळी शटरवर पातळ थर बसलेला असतो. एका सकाळी त्या थरात, खालच्या बाजूला, अगदी डाव्या आणि अगदी उजव्या टोकाला, दोन जागा पुसलेल्या होत्या. मी फडक्यानं सगळं शटर पुसून काढलं. काही दिवसांनी धूळ साठली, तेव्हा पुन्हा त्याच जागा.

भाऊजी मापं घेत असतील, असं मी मनाशी म्हटलं. मोटारच्या दारासाठी माझ्यामागे मापं. मला संताप आला आणि खरं सांगायचं तर संताप आल्यानं बरंही वाटलं. भाऊजींवर चिडणं सोपं असतं.

ते मापं घेत नव्हते. कारण त्यानंतर ते मला सांगायलाच आले. मी आत शिवत बसले होते. ते तसेच आत शिरले, माझ्या मांडीवरून फरशीवर पसरलेल्या पडद्यावर त्यांचा पाय पडला.

“वहिनी, उद्या मोटारवाला मापं घ्यायला येतोय.”

“शटर दुरुस्त झालंय, भाऊजी.”

“झालंय हो. पण गाडी बाहेरच आहे ना? दादाशी बोललोय मी. तो बघू म्हणाला. तेव्हा आज-उद्यात हे जरा हलवा. तुम्ही थोड्या बाजूला झालात, तर सगळ्यांचीच सोय होईल.”

सगळ्यांची. त्या ‘सगळ्यां’त मी कधीच कशी नसते, हे मला एकदा कोणीतरी समजावून सांगावं. मी बोलले असते तर रडले असते आणि मग “वहिनी हळव्या आहेत” हेही वर ऐकावं लागलं असतं. ते गेले. पडद्यावर त्यांच्या चपलेचा ठसा राहिला.

दुपारी वारा सुटला. धूळ उडून कापडावर बसायला लागली, म्हणून मी आतून शटर फरशीपर्यंत ओढून घेतलं आणि दिवा लावला. वाऱ्यानं पट्ट्या थडथडत होत्या. मी ठसा पडलेला भाग धुतला, पिळला, इस्त्रीनं वाळवला आणि त्याच पडद्याची खालची पट्टी शिवायला घेतली. म्हटलं, हे काम तरी इथे बसूनच पुरं करीन.

वारा थांबला. पट्ट्या गप्प झाल्या.

आणि शटरवर बाहेरून दोन थापा पडल्या.

“आत काम चाललंय, भाऊजी,” मी म्हटलं. “आजचा दिवस तरी मला बसू द्या.”

मी मशीन चालवायला पाय उचलला आणि तसाच ठेवला. भाऊजी थापा मारत नाहीत. भाऊजी आयुष्यात कधी कोणाच्या दारावर थाप मारून आत आलेले नाहीत. हेही नाहीत. ह्यांना आमच्या खोलीचं दार ढकलायची सवय. शटरवाला नाही, गिऱ्हाइकं नाहीत. त्या घरात, त्या अंगणात, कोणीही कधी आधी थाप मारलेली मला आठवेना.

मी मारायचे. रोज. आत जे काही असेल त्याला बाजूला व्हायला वेळ मिळावा म्हणून.

आता आत मी होते.

मी वळून पाहिलं, तोच खालच्या पट्टीखाली फट पडली. उन्हाची एक रेघ फरशीवर आली आणि रुंद होत माझ्या पायापर्यंत पोचली. मग त्या उजेडात दोन्ही टोकांना बोटं दिसली. अगदी डावीकडे आणि अगदी उजवीकडे. बाहेरून आत वळलेली, पट्टीला घट्ट धरलेली. बोटांची पेरं चपटी झाली होती, वर्षानुवर्षं जड काही पेलून होतात तशी. फटीतून मला अंगण दिसत होतं, कुंड्यांचे तळ दिसत होते, दोरीवरच्या कपड्यांच्या सावल्या दिसत होत्या. त्या दोन हातांच्या मधे उभं असलेलं काही दिसायला हवं होतं.

“आत माणूस आहे,” मी म्हटलं. आवाज अजिबात कापला नाही, इतकी मी चिडले होते. “ही माझी जागा आहे. पाल नाहीये मी.”

बोटं थांबली. शटर वीतभर वर आलं होतं, तिथेच राहिलं. वर गेलं नाही, खालीही आलं नाही. बराच वेळ. मी मशीनचं चाक धरून बसले होते आणि ते थांबलं होतं. घाई नव्हती. दिवसभर हात वर धरून उभं राहायची ज्याला सवय, त्याला कसली घाई.

मग शटर हळूच खाली टेकलं. आवाज न करता. आणि पुन्हा दोन थापा. पहिल्यापेक्षा हलक्या.

मी पडद्याकडे पाहिलं. धुतल्यावरही ठशाची कड पुसट दिसत होती. उद्या मोटारवाला येणार होता. तो म्हणणार, ताई, बाजूला व्हा. भाऊजी म्हणणार, हे म्हणणार. त्यातलं कोणी थांबणार नव्हतं. मला बाजूला व्हायला सांगणाऱ्या इतक्या माणसांत, आधी विचारणारं हे पहिलंच होतं.

म्हणून मी दोरा तोडला, पडद्याची घडी घातली आणि उठले. खुर्ची मागे सरकवली. भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि वाट मोकळी केली.

“झाले बाजूला,” मी म्हटलं. “या.”

शटर वर जायला लागलं.